पानगळ सरत आली, ओव्हन बाहेर निघाला: तुम्ही काय बेक करताय? (आणि माझा ब्रेड का रुसला?)

सांजवात
खिडकीबाहेरच्या झाडावर आज एकोणीस पानं उरलीत. काल सव्वीस होती. हो, मोजते मी. सकाळी चहा हातात असताना तेवढंच काम जमतं.

मला भर हिवाळ्यापेक्षा हे दिवस जास्त आवडतात. थंडी अजून बोचायला लागलेली नसते. स्वेटर कपाटातून निघतो, पण दुपारी खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसतो. आणि उन्हाळाभर ज्या ओव्हनकडे बघवत नाही, त्याच्या आसपास आपण उगाच घुटमळायला लागतो. केक झाल्यावर ओव्हनचं दार किलकिलं ठेवून पाठ शेकत उभं राहणं हे सुख मी कोणाला सांगत नाही, इथे सांगतेय.

तर दोन प्रश्न. या दिवसांत तुम्ही काय बेक करता? आणि दुसरा, जरा कळकळीचा: माझा ब्रेड असा का झाला? ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ. उन्हाळाभर याच मापाने तासाभरात पीठ दुप्पट व्हायचं. गेल्या रविवारीही तासभर ठेवलं, आकार दिला, अर्धा तास थांबले, भाजलं. जे बाहेर आलं ते दाराला अडसर म्हणून लावलंय. खोटं नाही, सध्या तिथेच आहे.

टवाळखोर
वीट फेकू नका. दर रविवारी एक केलीत तर पुढच्या पानगळीपर्यंत भिंत उभी राहील. (हलकेच घ्या.)

तापमापी
सांजवात, तुमचं माप अगदी बरोबर आहे. चूक घड्याळाची आहे. स्वयंपाकघरात तापमान किती होतं त्या दिवशी?

सांजवात
भिंतीवरच्या तापमापकात सोळा अंश. (हा तापमापक वेगळा, तुम्ही नव्हे.)

तापमापी
मग झालं. यीस्ट जिवंत प्राणी आहे असं समजा, म्हणजे सगळं सोपं होतं. पीठ २४ ते २७ अंशांच्या आसपास असलं की ते खुशीत काम करतं. त्याखाली दर आठ-दहा अंशांना वेग साधारण निम्म्यावर येतो. तुमच्या उन्हाळ्यातल्या एका तासाचं काम सोळा अंशांना दोन-अडीच तासांचं होतं. तुम्ही अर्ध्या वाटेवरच त्याला भट्टीत ढकललंत.

उपाय पाण्यात आहे. मैदा सोळा अंशांवर, हवा सोळा अंशांवर. पीठ पंचविसाला हवं असेल तर २५ गुणिले ३ म्हणजे ७५. त्यातून मैद्याचे १६ वजा, हवेचे १६ वजा, हाताने मळताना येणाऱ्या उबेचे दोन-तीन वजा. उरले चाळीस. तेवढं कोमट पाणी घ्या. बोट बुडवल्यावर सुखद वाटलं पाहिजे, चटका नको. पीठच साठ अंशांच्या जवळ गेलं तर यीस्ट मरतं, त्यामुळे "लवकर फुगावं" म्हणून उकळतं पाणी ओतू नका.

दुसरं, घड्याळाकडे बघणं सोडा, पिठाकडे बघा. उभ्या कडांच्या पारदर्शक डब्यात पीठ ठेवा आणि बाहेरून रबरबँड लावा, जिथवर आहे तिथे. दुप्पट झालं की झालं, मग एक तास लागो की तीन. आकार दिल्यावर बोटाला पीठ लावून हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर थांबा. सावकाश आणि अर्धवट भरून आला तर ओव्हनमध्ये घाला. तसाच राहिला तर उशीर झालाय, देवाचं नाव घ्या आणि घाला.

अर्धाकप
मी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून पीठ ठेवते. दिव्याच्या उबेने छान फुगतं. पण एक धोक्याची सूचना, स्वानुभवातून.

मागच्या वर्षी असंच ठेवलं आणि आंघोळीला गेले. तेवढ्यात चिरंजीवांना गोठवलेला पिझ्झा गरम करायचा होता. आत डोकावायची पद्धत आमच्याकडे नाही. त्यांनी सरळ २२० वर प्रीहीटला लावला. मी बाहेर आले तेव्हा घरभर वितळलेल्या प्लास्टिकचा वास आणि ओव्हनच्या जाळीवर वाडग्याचे निळे थेंब, मेणबत्तीसारखे ओघळलेले. पीठ मात्र मधोमध टम्म फुगलं होतं, कधी नव्हे इतकं सुरेख. रडावं की हसावं कळेना.

तेव्हापासून पीठ आत असलं की ओव्हनच्या बटणावर चिकटपट्टी लावून लिहिते, "आत बाळ आहे".

झोपाळू
"आत बाळ आहे" वाचून पाहुणे पोलिसांना बोलावतील, अर्धाकप!

वाचनमात्र
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलंय, ते फक्त शीर्षकासाठी. पानगळ सरली आणि हिवाळा आला, हा क्रम आपल्या सहा ऋतूंत बसत नाही. आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर, आणि पानं गळतात ती शिशिरात. म्हणजे आधी थंडी आणि मग पानगळ. शरदाचं खरं लक्षण निरभ्र आकाश आणि चांदणं. "ऑटम"ला शरद म्हणणं ही कामचलाऊ सोय आहे.

सांजवात
मान्य. म्हणूनच शीर्षकात शरद लिहिलं नाही, पानगळ लिहिलं. माझ्या खिडकीतलं झाड आत्ता गाळतंय, त्याला पंचांग कोण दाखवणार?

वाचनमात्र
भावना पोचल्या. झाड बरोबर, मी चूक. आता आलोच आहे तर पुढचं विचारतो: "बेक करणे" याला मराठी शब्द काय? भाजणे म्हटलं की डोळ्यांसमोर तवा येतो.

टवाळखोर
झालं. ब्रेड फुगेपर्यंत आता शब्दकोश फुगणार.

निळीशाई
भाजणेच म्हणावं, मडकी आणि विटाही भट्टीत भाजतातच की. (सांजवात, हा टोमणा नाही.)

मला यातली वेगळीच गंमत वाटते ती रंगाची. बाहेर पान लालपिवळं होतं आणि आत ब्रेड तांबूस होतो, दोन्ही एकाच खिडकीच्या दोन बाजूंना. पण कारणं पार वेगळी. पानातलं पिवळं आधीपासून तिथेच असतं. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडायला लागतं, वरचा हिरवा पडदा जातो आणि खालचं पिवळं दिसू लागतं. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण दहिवर गोठण्याइतका नाही, अशी जोडी जमली की लाल खुलतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान सुटतं. वारा फक्त निमित्त. झाडाने आधीच सोडलेलं असतं.

ब्रेडच्या सालीचा रंग म्हणजे साखर आणि प्रथिनं यांची तापलेली सोयरीक. लुई-कामीय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली हिचं वर्णन केलं, म्हणून तिला माइयार अभिक्रिया म्हणतात. ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोमात येते. ब्रेडच्या आत पाणी असतं, त्यामुळे आतलं तापमान शंभरावर जात नाही. म्हणून साल तांबूस आणि आतला गर पांढरा. घरभर पसरणारा तो वासही मुख्यत्वे तिथूनच येतो.

कोरडाठाक
सगळ्यांचं छान चाललंय, मीच मीठ टाकतो. मला हे दिवस अजिबात आवडत नाहीत. पाच वाजता अंधार. कामावरून निघताना रात्र, पोचतानाही रात्र. लोक "अहाहा, दालचिनीचा वास" म्हणतात, तेव्हा मला दिसतात ती पिठाने बरबटलेली भांडी आणि एकट्यापुरता केलेला केक, जो चार दिवस पुरतो आणि पाचव्या दिवशी कचऱ्यात जातो. पानगळीचं कौतुक बहुधा घरात चार माणसं असणाऱ्यांना परवडतं.

मृद्गंध
कोरडाठाक, तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. मीही एकटीच राहते आणि नोव्हेंबरातली संध्याकाळ मलाही खायला उठते. माझ्यापुरतं सांगते, तुम्हाला पटेलच असं नाही. मला खाण्यापेक्षा मळणं उपयोगी पडतं. हात पिठात असले की फोन उचलता येत नाही, बस. दहा मिनिटं तेच ते, दाबा, दुमडा, फिरवा. सुरुवातीला बोटांना चिकटणारं पीठ हळूहळू भांडं सोडतं, आणि एका क्षणी कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं. तो क्षण कधी येतो ते दर वेळी टिपायचा प्रयत्न करते आणि दर वेळी हुकतो.

आणि उरण्याचं म्हणाल, तर कुकीजचं पीठ गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवा. हवे तेव्हा दोनच गोळे भाजायचे. भांडी महिन्यातून एकदाच.

आता तापमापींशी थोडं भांडते. थंडीशी झगडायचं कशाला? तिला कामाला लावा. यीस्ट ७ ऐवजी २ ग्रॅम घ्या, रात्री मळा, तासभर बाहेर ठेवून झाकून फ्रिजमध्ये टाका. चार अंशांना बारा ते अठरा तास. यीस्ट जवळपास झोपतं, पण पिठातली विकरं (एन्झाइम्स) आपलं काम चालू ठेवतात, शिवाय थोडी आंबटसर चव येते. सकाळी तुम्हाला जो ब्रेड मिळतो, त्याच्यापुढे तासाभरात फुगवलेला म्हणजे नुसता कापूस.

तापमापी
मृद्गंध, चवीबाबत वादच नाही. पण ज्यांचा ब्रेड आत्ताच वीट झालाय त्यांना एकदम अठरा तासांची परीक्षा नको. आधी एकदा उबेत फुगलेलं पीठ डोळ्यांनी बघू द्या, मग फ्रिज.

मृद्गंध
तुम्ही लोकांना घाबरट करता.

तापमापी
आणि तुम्ही लोकांना उपाशी ठेवता.

टवाळखोर
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ते ओव्हनमध्ये होत नाहीत म्हणून पाककृती देत नाही.

झोपाळू
माझा प्रश्न मधेच घुसवतो. दालचिनीचे रोल करायला घेतले. वास जास्त यावा म्हणून तीन चमचे दालचिनी पूड सरळ पिठातच मळली. तापमान ठीक, यीस्ट नवीन, तरी पीठ ढिम्म हललं नाही. दालचिनी शापित आहे का?

तापमापी
शापित नाही, कडक आहे. दालचिनीचा वास ज्यामुळे येतो ते सिनॅमाल्डिहाइड यीस्टला आवरतं. म्हणून रोलमध्ये दालचिनी लोणी-साखरेबरोबर सारणात जाते, पिठात नाही. पिठात फार तर चिमूटभर.

झोपाळू
म्हणजे इतकी वर्षं लोक ती गुंडाळायचे ते दिसायला छान म्हणून नव्हे! ज्ञान झालं, रोल नाही झाले.

अर्धाकप
मूळ प्रश्नाचा पहिला भाग सगळे विसरले वाटतं. मी या दिवसांत सफरचंदाचा केक करते, दर वर्षी तोच. सफरचंदं आंबट आणि कडक जातीची घ्यायची. गोड मऊ सफरचंदाचा ओव्हनमध्ये लगदा होतो, आंबट बराच आकार धरून राहतं. सालं काढून जाड फोडी करायच्या, लिंबू पिळायचं, थोडी साखर, दालचिनी, किसलेलं जायफळ. वरच्या भुरभुरीत थरासाठी लोणी थंडगार हवं आणि खालच्या केकसाठी खोलीच्या तापमानाचं, अठरा-वीस अंश. गारठ्यात हे दुसरं जमत नाही. लोण्याची वडी दगड असते. तेव्हा किसणीवर किसून पाच मिनिटं ताटात पसरून ठेवा. अंडीही सालीसकट कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा. थंड अंडी फेटलेल्या लोण्यात घातली की मिश्रण फाटतं, नासलेल्या दुधासारखं दिसतं. तसं झालं तर घाबरू नका, चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं.

मला या केकमध्ये सगळ्यात काय आवडतं सांगू? कडेची फोड. टिनला टेकून जिचा रस उकळला, आटला आणि काळसर चिकट झाला ती. केक उलटा करताना ती टिनलाच राहते आणि "अरेरे" म्हणत मीच खाते.

निळीशाई
अंडं न घालता जमेल का? घरात एकांना चालत नाही.

अर्धाकप
अंड्याऐवजी घट्ट दही आणि बेकिंग सोडा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की बुडबुडे येतात. पण मिश्रण झालं की टिन लगेच आत गेला पाहिजे. सोडा कोणासाठी थांबत नाही.

वाचनमात्र
यावरून आठवलं. बेकिंग पावडरीचा जन्मच अशा अडचणीतून झाला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. तिला ब्रेड खाता यावा म्हणून त्याने १८४३ साली यीस्टशिवाय फुगवणारी पावडर केली. तिला अंडीही चालत नसत, त्यासाठी बिनअंड्याचं कस्टर्ड त्याने आधीच, १८३७ मध्ये, करून ठेवलं होतं.

टवाळखोर
आणि आमच्या घरी मला तोंडलं सोसत नाही हे एकोणीस वर्षं कोणी मनावर घेत नाही.

झोपाळू
ब्रेड फ्रिजमध्ये ठेवावा की बाहेर? आमच्याकडे यावरून रोज तह मोडतो.

मृद्गंध
भाजलेला ब्रेड फ्रिजमध्ये नको. शिळा होणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. स्टार्च पुन्हा आवळून घट्ट होतो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे बाहेरच्यापेक्षा भराभर होतं. दोन दिवसांत संपणार असेल तर कापडात गुंडाळून बाहेर. नाहीतर काप करून सरळ फ्रीझरमध्ये, उणे अठराला. काप थेट टोस्टरमध्ये जातो.

तापमापी
यावर मृद्गंध आणि माझं एकमत आहे. तारीख लिहून ठेवा.

निळीशाई
कोरडाठाक, तुमची पाच वाजताची तक्रार डोक्यातून जाईना. एक दिलासा आहे, खगोलशास्त्राचा, माझा नाही. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. पण सर्वांत लवकर सूर्यास्त त्या दिवशी होत नाही, त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. चाळिसाव्या अक्षांशाच्या आसपास तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळ, म्हणून खरी दुपार रोज घड्याळाच्या थोडी पुढेमागे सरकते. सकाळी उजाडायला जानेवारीपर्यंत उशीर होत राहतो, पण संध्याकाळ त्याआधीच लांबायला लागलेली असते. तुम्हाला संध्याकाळच छळते ना?

कोरडाठाक
हे माहीत नव्हतं. आभार. म्हणजे भोग तीन आठवड्यांचे उरलेत. तेवढे कुकीजच्या गोळ्यांवर काढतो. मृद्गंध, प्रमाण द्या. आणि पीठ कच्चंच खाल्लं तर चालतं का, हे आधीच विचारून ठेवतो.

मृद्गंध
नाही चालत! अंड्याचं सोडा, कच्चा मैदाही धोक्याचा. तो भाजलेला नसतो, त्यात रोगजंतू असू शकतात. भाजायला बारा मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा.
लोणी २००, साखर १५०, मैदा ३००, एक अंडं, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, एक चमचा सुंठ पूड. सगळं ग्रॅममध्ये. कपाने मोजू नका, मैदा दाबून भरलात की भुरभुरून यावर कपात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. अक्रोडाएवढे गोळे, १८० अंश. फ्रीझरमधून थेट घातले तर दोन मिनिटं जास्त.

अर्धाकप
माझ्या आयडीची बदनामी थांबवा.

सांजवात
धागाकर्ती हजर आहे! काल दिवसभर इकडे फिरकले नाही कारण प्रयोग चालू होता.

तापमापींचं गणित लावलं. पाणी चाळीस, मळून झाल्यावर पीठ चोवीस. डब्याला रबरबँड. ओव्हनमध्ये दिवा लावला आणि बटणावर चिकटपट्टी. ("आत बाळ आहे" लिहायचं धाडस झालं नाही, "हात लावू नये" लिहिलं.) दुप्पट व्हायला पाऊण तास कमी दोन तास लागले, म्हणजे सव्वा तास. आकार दिल्यावर आणखी पन्नास मिनिटं. जड बुडाचं झाकणवालं भांडं आतच तापवलं, त्यात ब्रेड सोडून २३० ला वीस मिनिटं झाकून आणि वीस उघडा. झाकणाखाली पिठाचीच वाफ कोंडते, त्यामुळे साल लगेच कडक न होता ब्रेडला फुगायला वाव मिळतो, हे कुठेतरी वाचलं होतं, ते दिसलं. आतलं तापमान ९६.

बाहेर काढून जाळीवर ठेवला आणि तो बोलायला लागला. खरंच. साल थंड होताना बारीक तडे जातात, त्यांचा कट्-कट् आवाज, वाळक्या पानांवरून कोणीतरी सावकाश चालावं तसा. आम्ही तिघं कान लावून उभे होतो. एक तास थांबायचं, गरम कापला तर आत गिचका होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. अकरा मिनिटं थांबलो. आत थोडा गिचका होता. कोणाची काही तक्रार आली नाही.

आज रात्री मृद्गंधची पद्धत. पीठ फ्रिजमध्ये जाऊन बसलंय.

मृद्गंध
शेवटी आलात ना ताळ्यावर!

झोपाळू
आणि पानं? एकोणीस होती.

सांजवात
काल मोजायची राहूनच गेली. आज सकाळी बघितलं तर वाऱ्याने सगळी नेली होती.

टवाळखोर
ते जाऊ द्या, मुद्द्याचं बोला. दाराच्या विटेचं काय झालं?

सांजवात
किसून ब्रेडक्रम्स केले, वाया कशाला घालवायची. डबाभर झाले. किसणी वाकली.